उतरवलेल्या पताका

क्रीडेच्या इतिहासात विजेत्यांची नावे कोरून ठेवली जातात आणि पराभूतांची नावे काळाच्या ओघात पुसली जातात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लोकांची स्मृती नेहमीच विजयफलकामागून चालते असे नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा १९९१ ते १९९३ या काळातील बास्केटबॉलचा संघ हे याचे मोठे बोलके उदाहरण आहे. या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाही मिळाले नाही. दोन वेळा तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. इतकेच नव्हे, तर त्याने मिळवलेल्या अनेक जयांची नोंदही पुढे अधिकृत दप्तरातून काढून टाकण्यात आली. असे असूनही, तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर जुने क्रीडारसिक चार घटका गप्पा मारू लागले, की बोलणे फिरून फिरून त्याच संघावर येते. या आठवणीत असे काय आहे, ते या पाठात पाहू.

प्रथम या खेळाविषयी थोडेसे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक व्यायामशिक्षक होते. बाहेर थंडी कडाक्याची. विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता येईल असा एखादा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि चेंडू त्या टोपल्यांत टाकण्याचा खेळ योजला. हाच बास्केटबॉल. आज टोपलीच्या जागी लोखंडी कडे व जाळी आली आहे, आणि प्रत्येक बाजूला पाच खेळाडू असतात. अमेरिकेत या खेळाचे व्यावसायिक संघ आहेतच. परंतु महाविद्यालयीन संघांवर लोकांचा जीव काही निराळाच. दरवर्षी मार्च महिन्यात निवडक विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत, त्या काळी तीत ६४ संघ असत. एकदा हरला की तो संघ बाद. त्यामुळे प्रत्येक सामना निकराचा होतो. जे चार संघ उपांत्य फेरीपर्यंत टिकतात, त्यांच्या नावाची पताका त्यांच्या विद्यापीठाच्या क्रीडागृहात छताला मोठ्या अभिमानाने टांगली जाते.

नेस्मिथ यांच्या त्या टोपल्यांना शंभर वर्षे होत असता, १९९१ साली, अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात पाच नवे विद्यार्थी एकदमच दाखल झाले. ख्रिस वेबर आणि जेलन रोझ हे दोघे जवळच्याच डेट्रॉइट शहरातले, लहानपणापासूनचे मित्र. जुवान हॉवर्ड शिकागोचा. जिमी किंग आणि रे जॅक्सन हे दोघे दूरच्या टेक्सास राज्यातले. पाचही जण कृष्णवर्णीय, पाचही जण आपापल्या शाळांत नावाजलेले. त्यांपैकी बहुतेकांचे बालपण सुखासीन नव्हते. हॉवर्डला त्याच्या आजीने वाढवले होते. मिशिगनला येण्याच्या पत्रावर त्याने ज्या दिवशी सही केली, त्याच दिवशी ती माउली हे जग सोडून गेली. रोझचे वडील एके काळचे नामांकित व्यावसायिक खेळाडू. परंतु बापलेकांची प्रत्यक्ष भेट आयुष्यात कधीही झाली नाही.

नवागताने पहिले वर्ष बाकावर बसून काढावे, थोरांचे पाहून शिकावे, ही तिथली रूढ रीत होती. प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांनी १९८९ साली याच विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. तेव्हा रीत मोडण्याची त्यांना काही निकड होती असे नाही. परंतु पाचही मुलांचा खेळ पाहून त्यांनी हळूहळू एकेकाला पहिल्या फळीत घेतले. ९ फेब्रुवारी १९९२ रोजी नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पाचही नवागत प्रथमच एकत्र मैदानात उतरले. तो सामना मिशिगनने ७४-६५ असा जिंकला, आणि संघाचे सर्वच्या सर्व गुण या पाच जणांनी मिळवलेले होते! त्याच सुमारास 'फॅब फाइव्ह', म्हणजे 'अफलातून पाच जण', हे नाव लोकांच्या तोंडी रुळले.

या ठिकाणी आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. पाच नवे आत आले, म्हणजे पाच जुने बाहेर बसले. आदल्या वर्षी पहिल्या फळीत असलेला, सात फूट उंचीचा एरिक रायली हा त्यांपैकीच एक. त्याने बाकावरची जागा पत्करली आणि जेव्हा जेव्हा बोलावणे आले, तेव्हा तो खेळत राहिला. आठवणींच्या मैफलीत अशांची नावे क्वचितच निघतात. परंतु ज्यांनी मुकाट्याने वाट करून दिली, त्यांचाही संघाच्या यशात वाटा असतो.

या पाच जणांचे खेळणे जितके देखणे, तितकेच त्यांचे वागणे बेडर होते. त्या काळी खेळाडू आखूड, घट्ट विजारी घालत. यांनी गुडघ्यांपर्यंत लोंबणाऱ्या सैल विजारी मागून घेतल्या. पायांत काळे मोजे, काळे बूट. डोकी तुळतुळीत केलेली. खेळता खेळता हे प्रतिपक्षाला टोचून बोलत, हसत, एकमेकांना टाळ्या देत, छाती पुढे काढून मिरवत. चेंडू नुसता टाकण्याऐवजी उंच उडी घेऊन तो कड्यात दणक्यात कोंबण्यात त्यांना मोठा आनंद वाटे. तरुणांना हे सारे विलक्षण आवडले. पाहता पाहता गल्लोगल्लीची मुले सैल विजारी घालू लागली, आणि काही वर्षांतच आखूड विजार मैदानावरून जवळजवळ नाहीशी झाली. उलट अनेक वडीलधाऱ्यांना यात केवळ उद्धटपणा दिसला. त्यांना हा खेळ नव्हे, थिल्लरपणा वाटला.

हा उद्धटपणा होता की यौवनाचा उल्हास? प्रामाणिकपणे सांगायचे, तर दोन्ही होते. प्रतिस्पर्ध्याला हिणवणे हे चांगल्या खेळाडूचे लक्षण म्हणता येणार नाही. परंतु टीका करणारे सर्वच शिस्तीचे कैवारी होते, असेही नाही. विद्यापीठाकडे अशी पत्रे येत, की त्यांत या मुलांच्या विजारींपेक्षा त्यांच्या कातडीच्या रंगाचाच द्वेष भरलेला असे. अठरा वर्षांची मुले ती पत्रे वाचत आणि पुन्हा मैदानात उतरत. त्यांच्या ताठ मानेमागे हेही एक कारण होते, हे विसरून चालणार नाही.

पहिल्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हा संघ अंतिम सामन्यापर्यंत जाईल असे फारच थोड्यांना वाटले असेल. परंतु एकामागून एक संघ मागे पडत गेले. ज्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी मिशिगनचे पिढ्यान् पिढ्यांचे हाडवैर, त्याच संघाला जादा वेळेत ७५-७१ असे नमवून ही मुले उपांत्य फेरीत पोहोचली. ६ एप्रिल १९९२ रोजी मिनिआपोलिस येथे अंतिम सामना झाला. समोर ड्यूक विद्यापीठाचा कसलेला, आदल्या वर्षीचा विजेता संघ होता. मध्यंतरापर्यंत मिशिगनने टक्कर दिली. परंतु उत्तरार्धात अनुभवापुढे उत्साह अपुरा पडला. ड्यूकने ७१-५१ असा निर्विवाद विजय मिळवला. तरीही पहिल्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांनी पहिल्या फळीत खेळून अंतिम सामना गाठावा, हे आजवर कधी घडले नव्हते.

दुसऱ्या वर्षी संघ अधिक परिपक्व झाला. त्या हंगामात त्यांनी ३१ सामने जिंकले आणि केवळ ५ गमावले. राष्ट्रीय स्पर्धेत लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध तर ते १९ गुणांनी मागे पडले होते. तेथून त्यांनी सामना ओढून आणला व जादा वेळेत ८६-८४ असा जिंकला. उपांत्य सामन्यात केंटकीच्या बलाढ्य संघावर त्यांनी ८१-७८ अशी मात केली, तीही जादा वेळेतच. आता मार्गात एकच संघ उरला होता, नॉर्थ कॅरोलायना.

५ एप्रिल १९९३. न्यू ऑर्लिन्स येथील विशाल क्रीडागृह प्रेक्षकांनी फुलून गेले होते. सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला. सुमारे वीस सेकंद उरले असता गुणफलक होता ७३-७१, मिशिगन दोन गुणांनी मागे. प्रतिपक्षाचा एक नेम चुकला आणि परतलेला चेंडू वेबरने झेलला. तो चेंडू घेऊन धावत सुटला. परंतु मैदानाच्या कोपऱ्यात प्रतिपक्षाच्या दोन खेळाडूंनी त्याला कोंडले. पुढे जागा नाही, मागे जाता येत नाही. ११ सेकंद उरले होते. वेबरने चेंडू दाबून धरला आणि दोन्ही हातांनी खूण करून टाइम आउट, म्हणजे क्षणभर खेळ थांबवण्याची सवलत, मागितली.

ही सवलत प्रत्येक संघाला ठरावीक वेळाच मिळते, आणि मिशिगनच्या वाट्याच्या सर्व सवलती संपून गेल्या होत्या. शिल्लक नसताना ती मागणे हा नियमभंग होय. पंचांनी नियमानुसार टेक्निकल फाऊल दिला. नॉर्थ कॅरोलायनाला दोन मोकळे नेम मिळाले, आणि चेंडूही त्यांच्याकडे गेला. डोनाल्ड विल्यम्सने दोन्ही नेम साधले. लगोलग आणखी दोन साधले. सामना ७७-७१ असा संपला. त्या दिवशी वेबरने २३ गुण मिळवले होते आणि कड्यावरून परतलेले ११ चेंडू काबीज केले होते. परंतु लोकांच्या ध्यानात राहिली ती केवळ ती एक खूण.

त्या रात्री वेबरने कोणतीही सबब सांगितली नाही. वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमोर बसून त्याने पराभवाचा दोष स्वतःकडे घेतला. त्याच वर्षी तो विद्यापीठ सोडून व्यावसायिक संघात गेला; नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान त्यालाच मिळाला. पुढे गरजू मुलांसाठी त्याने एक संस्था काढली, आणि तिला नाव दिले 'टाइम आउट'! ज्या शब्दाने जगात नाचक्की झाली, तोच शब्द त्याने एका सत्कार्याच्या दारावर लावला. १९९४ मध्ये रोझ आणि हॉवर्डही व्यावसायिक संघांत गेले. किंग आणि जॅक्सन यांनी मात्र चारही वर्षे पूर्ण केली.

कथा येथेच संपती, तर ती एका देखण्या पराभवाची कथा ठरली असती. परंतु तिचा उत्तरार्ध अधिक कठीण आहे.

महाविद्यालयीन खेळाडू हा हौशी असावा, त्याने खेळाबद्दल पैसा घेऊ नये, असा तेथील क्रीडासंघटनेचा कडक नियम होता. डेट्रॉइटमध्ये एड मार्टिन नावाचा एक मनुष्य होता. मोटारींच्या कारखान्यात वीजतंत्री म्हणून काम करून निवृत्त झालेला हा गृहस्थ कारखान्यांतून बेकायदा आकड्यांचा जुगार चालवी आणि होतकरू खेळाडूंना पैसा पुरवी. पुढे चौकशी झाली, खटला झाला. २००२ मध्ये मार्टिनने गुन्हा कबूल करताना सांगितले, की मिशिगनच्या चार खेळाडूंना आपण एकूण ६,१६,००० डॉलर दिले. त्यांपैकी सुमारे २,८०,००० डॉलर वेबरला, त्याच्या शालेय दिवसांपासून, दिल्याचे त्याने सांगितले. उरलेले तिघे या पाच जणांपैकी नव्हते. ते नंतरच्या वर्षांतले होते. चौकशीत खरे न सांगितल्याच्या प्रकरणात वेबरने २००३ मध्ये न्यायालयाच्या अवमानाचा गुन्हा कबूल केला.

विद्यापीठाने स्वतःहून शिक्षा पत्करली. १९९२ च्या उपांत्य व अंतिम सामन्यांची आणि १९९२-९३ च्या संपूर्ण हंगामाची नोंद रद्द झाली. क्रीडागृहाच्या छताला लटकणाऱ्या दोन्ही वर्षांच्या पताका उतरवण्यात आल्या. वेबरने विद्यापीठाशी दहा वर्षे संबंध ठेवू नये, असेही ठरले. ही मुदत २०१३ मध्ये संपली.

तेव्हापासून जुन्या रसिकांच्या गप्पांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, 'सामने खेळले गेले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले; कागदावरची नोंद खोडल्याने घडलेले न घडलेले होते काय? शिवाय दोष एकाचा, आणि शिक्षा मात्र सर्वांना!' दुसरा पक्ष म्हणतो, 'नियम सर्वांना सारखा. जे संघ नियम पाळून खेळले आणि हरले, त्यांच्यावर अन्याय झाला नाही काय?' दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद इतकी वर्षे जिवंत राहिला आहे.

या वादाला आणखी एक अंग आहे. या पाच जणांच्या लोकप्रियतेमुळे विद्यापीठाच्या पोशाखाची, टोप्यांची, बुटांची तडाखेबंद विक्री झाली. विद्यापीठाला पैसा मिळाला, व्यापाऱ्यांना मिळाला, दूरचित्रवाणीलाही मिळाला. ज्यांच्या घामावर ही बाजारपेठ उभी राहिली, त्या मुलांना मात्र नियमाने एक छदामही घेता येत नव्हता. यामुळे मार्टिनचे पैसे घेणे योग्य ठरत नाही. पण नियम स्वतः न्याय्य होता का, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेनेच त्याचे उत्तर पुढे दिले. १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसा मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदलाही देता येऊ लागला. मात्र उतरवलेल्या पताका त्यामुळे आपोआप वर चढल्या नाहीत.

या मित्रांच्या मैत्रीलाही मध्यंतरी तडा गेला. २०११ मध्ये या संघावर एक माहितीपट निघाला. रोझ त्याचा एक निर्माता. पण वेबरने त्यात भाग घेतला नाही. आपण कोवळ्या वयात ड्यूकच्या कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी किती कडवट विचार करीत होतो, ते रोझने त्यात उघड सांगितले. त्यावरून मोठे वादळ उठले, आणि ड्यूकचे त्या वेळचे खेळाडू ग्रँट हिल यांनी वृत्तपत्रातून त्याला संयत उत्तर दिले. वेबरने विद्यापीठाची क्षमा मागावी, असेही रोझ जाहीरपणे म्हणत असे. २०१३ मध्ये मिशिगन पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, तेव्हा पाचही जण क्रीडागृहात होते. परंतु चौघे एकत्र बसले आणि वेबर निराळा. पुढे काळानेच मने मवाळ केली. २०१९ ते २०२४ या काळात हॉवर्ड त्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होता. २०२४ च्या जानेवारीत त्याचा संघ ओहायो स्टेटविरुद्ध खेळत असताना उरलेले चौघेही त्याच्या पाठीशी हजर राहिले, आणि पाच जुने सवंगडी आपल्या जुन्या क्रीडागृहात पुन्हा एकत्र दिसले. डोक्यावर पताका नव्हत्या. परंतु प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

हे टाळ्या वाजवणारे कशासाठी वाजवत होते? विजयासाठी नव्हे, कारण विजय नव्हता. निष्कलंकपणासाठी नव्हे, कारण डाग सर्वांना ठाऊक होता. पाच कोवळ्या मुलांनी एकमेकांवर विश्वास टाकून, जगाची भीड न बाळगता, मनमुराद खेळ केला, आणि तो पाहताना आपणही तरुण होतो, याची ती आठवण होती. अशी आठवण अधिकृत नोंदींवर अवलंबून नसते. मात्र तिच्यावर एक जबाबदारी असते. आवडते तेवढे ठेवावे आणि नावडते गाळावे, असे करून चालत नाही. जो रसिक १९ गुणांची पिछाडी भरून काढणारा तो सामना सांगतो, त्याने मार्टिनच्या पैशांची हकीकतही सांगितली पाहिजे. आणि जो ती हकीकत सांगतो, त्याने त्या मुलांना आलेली द्वेषाची पत्रेही विसरू नयेत. ज्यांच्यावर आपले प्रेम असते, त्यांचे गुणदोष जसेच्या तसे आठवणे, हेच त्यांच्याशी खरे इमान राखणे होय.

अभ्यास

१. नवागतांना पहिल्या फळीत घेण्यात कोणती रूढी मोडली गेली? तिचा परिणाम जुन्या खेळाडूंवर काय झाला?
२. 'हा उद्धटपणा होता की यौवनाचा उल्हास?' या प्रश्नाला लेखकाने दिलेले उत्तर तुमच्या शब्दांत सांगा.
३. अंतिम सामन्यातील शेवटच्या वीस सेकंदांचे वर्णन आठ ओळींत लिहा.
४. पताका उतरवणे योग्य होते की अयोग्य? दोन्ही पक्षांचे म्हणणे मांडून आपले मत कारणांसह लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : टक्कर देणे, मान ताठ असणे, तडा जाणे, इमान राखणे.
६. तुमच्या शाळेच्या किंवा गावाच्या एखाद्या जुन्या संघाविषयी वडील माणसांकडून माहिती मिळवा आणि ती, यश व अपयश दोन्ही सांगून, वीस ओळींत लिहा.